हॅम रेडिओ क्लबच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरण्यापूर्वी काय काय पाहून घ्यावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या हौशी रेडिओ (हॅम) क्लबची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधणाऱ्यांच्या क्लबची, मी नऊ वर्षांपासून सदस्य आहे. माझा परवाना रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या श्रेणीचा आहे, म्हणून माझा कॉलसाइन (हवेवरचे ओळखनाव) व्हीयू३ने सुरू होतो, आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या क्लबची त्रैवार्षिक निवडणूक येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत होणार आहे. चार-पाच सदस्यांनी मला अध्यक्षपदासाठी अर्ज भरण्याचा आग्रह केला आहे आणि गेले तीन आठवडे तो विचार माझ्या मनातून जात नाही.

अडचण अशी, की गेली चौदा वर्षे अध्यक्ष असलेले गृहस्थ माझे गुरू आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. परीक्षेसाठी लागणारे भौतिकशास्त्र मला येत होते. पण केबलच्या टोकाला कनेक्टर नीट कसा जोडावा, नेटवर, म्हणजे अनेक स्टेशने एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीने बोलतात तेव्हा, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत कसे थांबावे आणि ऐकू न आलेला शब्द अंदाजाने न लिहिता पुन्हा कसा विचारून घ्यावा, हे मला काकांनी शिकवले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती आणि आमच्याकडे मोबाइल लागेनासे झाले होते, तेव्हा काकांनी लागोपाठ तीन रात्री नेट कंट्रोल, म्हणजे कोणी केव्हा बोलायचे हे ठरवून संदेश पुढे देण्याचे काम, सांभाळला. कोणत्या वाडीत किती माणसे अडकली आहेत, कोणाला इन्सुलिन हवे आहे, कोणती बोट कोठे पोहोचली आहे, हे सगळे त्यांच्या वहीत वेळेसह लिहिलेले होते. त्या वहीची पाने मी पाहिली आहेत.

त्या वेळी कामी आलेला क्लबचा रिपीटर, म्हणजे दुबळे संदेश टेकडीवरून पकडून दूरवर पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र, गेल्या वर्षीच्या वळवात वीज पडल्यापासून बंद आहे. टेकडीवरच्या बॅटऱ्या उतरवून आणल्या, त्याही अजून बदललेल्या नाहीत. दोन वर्षांत क्लबमधून एकही नवा परवानाधारक तयार झालेला नाही. सभा होतात, पण त्या सभांत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. काकांचे वय आता पंचाहत्तरच्या पुढे आहे, त्यांचे गुडघे त्यांना टेकडी चढू देत नाहीत, आणि तरीही पद सोडण्याचा विषय त्यांनी कधी काढलेला नाही, किंवा आमच्यापैकी कोणी त्यांच्यासमोर काढण्याचे धैर्य केलेले नाही.

मला तीन गोष्टींबद्दल आपला सल्ला हवा आहे. व्हीयू३ असलेल्या व्यक्तीने क्लबचे अध्यक्ष होणे योग्य आहे का, की आधी त्याहून वरच्या जनरल श्रेणीची परीक्षा द्यावी? ज्यांनी आपल्याला घडवले, त्यांच्याविरुद्ध उभे राहिल्याने साठ-पासष्ट सदस्यांचा छोटासा क्लब दुभंगणार नाही ना? आणि समजा उभे राहायचे ठरवले, तर अर्जावर सही करण्यापूर्वी मी नेमके काय तपासून घ्यावे? अध्यक्षपदाची हौस मला नाही, परंतु पुढच्या पुरात रिपीटर बंद असलेला मला पाहायचा नाही.

जुना_सचिव यांचे उत्तर

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मी दुसऱ्या जिल्ह्यातील एका क्लबचा अकरा वर्षे सचिव होतो आणि १९८०च्या दशकापासून परवानाधारक आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. क्लब ही नोंदणीकृत संस्था असते आणि तिच्या अध्यक्षाची पात्रता संस्थेच्या घटनेत लिहिलेली असते. परवान्याची श्रेणी ही हवेवर काय करता येईल याची मर्यादा आहे, खुर्चीवर कोण बसेल याची नव्हे. आपल्या घटनेत जनरल श्रेणीची अट नसेल, तर व्हीयू३ असण्याने काहीही अडत नाही. एक बाब मात्र वेगळी ठेवून पाहा. क्लबच्या स्टेशनचा आणि रिपीटरचा परवाना ज्या परवानाधारकाच्या जबाबदारीवर दिलेला असतो, ती व्यक्ती आणि अध्यक्ष एकच असली पाहिजेत असे नाही. आपल्याकडे त्या कागदावर बहुधा काकांचेच नाव असेल. अध्यक्ष बदलला म्हणून ते नाव घाईने बदलू नये आणि बदलायचेच झाले, तर आधी त्यांच्याशी बोलून, डब्ल्यूपीसीकडे, म्हणजे रेडिओ परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाकडे, रीतसर कळवूनच बदलावे. जनरल श्रेणीची परीक्षा आपण जरूर द्या, मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स (टिंब-रेघांचा संकेत) रोज वीस मिनिटे ऐकला तर काही महिन्यांत बसतो. पण ती परीक्षा निवडणूक पुढे ढकलण्याचे कारण होऊ देऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी माझ्या क्लबमध्ये घडलेली गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे झालेले नुकसान मी स्वतः भोगले आहे. आमच्याकडे एका वर्षी दोन गट आमनेसामने आले. प्रचार झाला, सभेत आवाज चढले, मतदान झाले आणि एक गट नऊ मतांनी हरला. दुसऱ्या आठवड्यात हरलेल्या गटातील एका सदस्याने टेकडीवर जाऊन रिपीटरचा डुप्लेक्सर काढून घरी नेला. तो चोर नव्हता. तो डुप्लेक्सर खरोखरच त्याच्या पैशातून आलेला होता, त्याने तो क्लबला वापरायला दिला होता, आणि दिला की उसना दिला याची कोठेही नोंद नव्हती. डुप्लेक्सरशिवाय एकाच अँटेनावर प्रक्षेपण आणि ग्रहण एकाच वेळी करता येत नाही. दोन मीटर बँडवर प्रक्षेपण आणि ग्रहण यांच्या फ्रिक्वेन्सींतले अंतर अवघे ६०० किलोहर्ट्झचे, त्यामुळे आपलाच प्रक्षेपक आपल्याच रिसीव्हरला बहिरा करून टाकतो. रिपीटर सात महिने बंद राहिला. त्या सात महिन्यांत क्लबची जी माणसे गेली, त्यांतली निम्मीसुद्धा परत आली नाहीत. सचिव या नात्याने डेडस्टॉक नोंदवही, म्हणजे क्लबच्या टिकाऊ वस्तूंची नोंद, ठेवणे माझे काम होते आणि मी ती ठेवली नव्हती.

म्हणून माझे सांगणे असे, की आपण अर्ज भरण्याआधी, आणि कोणा तिसऱ्याने त्यांच्या कानावर घालण्याच्या आधी, काकांच्या घरी जा. फोनवर बोलू नका आणि रेडिओवर तर मुळीच नको. त्यांना स्पष्ट सांगा, की मी उभी राहण्याचा विचार करत आहे आणि ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा माझ्याकडून कळावी अशी माझी इच्छा आहे. त्यांनी काहीही उत्तर दिले तरी ते ऐकून घ्या. चौदा वर्षे पद सांभाळलेल्या माणसाला पद गेल्याचे दुःख कमी असते. आपल्या पाठीमागे आपल्याविषयी बोलणी चालली होती, हे कळल्याचे दुःख जास्त असते.

माझी वैयक्तिक सूचना अशी, की यंदा आपण सचिवपद मागावे. क्लबचे खरे काम सचिव करतो. तीन वर्षे कागद, बँक, परवाने आणि माणसे हाताखालून गेली, की अध्यक्षपद आपोआप चालत येते, आणि काकांनाही सन्मानाने बाजूला होता येते. निर्णय अर्थातच आपला आहे. ७३ (हॅम मंडळींचा शुभेच्छांचा संकेत).

हिशेबनीस यांचे उत्तर

मी परवानाधारक आहेच, शिवाय एका लेखापरीक्षकाच्या कार्यालयात बत्तीस वर्षे संस्थांची कागदपत्रे पाहण्याचे काम केले आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

महाराष्ट्रातील असे क्लब साधारणपणे १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशा दोन्ही ठिकाणी नोंदलेले असतात. आपल्या क्लबच्या नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही क्रमांक आहेत का, ते आधी पाहा. असतील, तर निवडणूक ही केवळ सभागृहातील हात वर करण्यापुरती बाब राहत नाही. कार्यकारिणी बदलली, की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो मंजूर झाल्यावरच नवी नावे परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातील संस्थेच्या नोंदीवर, चढतात. सभेची नोटीस, ती सदस्यांना पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या, इतिवृत्त, निवडून आलेल्यांची संमतिपत्रे आणि प्रतिज्ञापत्र, हे सगळे त्या अर्जासोबत लागते. यांतले काही नसले, तर सभा कितीही शांततेत झाली असली तरी अर्ज अडकून पडतो.

म्हणून आपले पहिले काम असे, की परिशिष्ट एकचा सहीशिक्क्याचा उतारा काढून घ्यावा. मी आतापर्यंत पाहिलेल्या छोट्या संस्थांपैकी कितीतरी ठिकाणी त्या उताऱ्यावर दोन-तीन निवडणुकांपूर्वीच्या, काही वेळा तर दिवंगत झालेल्या सदस्यांची नावे दिसतात, कारण मधल्या काळात बदल अर्ज दिलेलेच नसतात किंवा दिले तरी त्यांचा पाठपुरावा झालेला नसतो. अशा संस्थेत निवडून आलेल्या अध्यक्षाला बँक खात्यावर सही बदलून देत नाही. रिपीटरसाठी बॅटऱ्या घ्यायच्या असल्या, तरी धनादेश कोणी काढायचा, तेथून सुरुवात होते. आपण ज्या कामासाठी उभ्या राहणार आहात, ते काम या एका उताऱ्यावर अवलंबून आहे.

दुसरे काम मतदार यादीचे. संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे, त्याला मत देता येत नाही आणि तो सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. आपण साठ-पासष्ट सदस्य म्हणता, परंतु वर्गणी भरलेले किती आहेत, ते वहीवरून पाहा. कदाचित आकडा निम्मा निघेल. सभेच्या आदल्या संध्याकाळी एकाच माणसाने पंचवीस जणांची थकबाकी भरली आणि पावत्या फाडल्या, की त्या निवडणुकीवर कायमचा डाग राहतो, मग तो माणूस आपल्या बाजूचा असो की समोरच्या. वर्गणी भरण्याची शेवटची तारीख कार्यकारिणीने आधीच ठरवून नोटिशीतच छापावी, असा आग्रह धरा, आणि आपल्या समर्थकांना त्या तारखेच्या पुष्कळ आधी वर्गणी भरायला सांगा.

यातच एक प्रश्न हॅम क्लबांमध्ये हमखास येतो. परवाना नसलेले, पण आवडीने येणारे शॉर्टवेव्ह श्रोते आणि परीक्षेची तयारी करणारी मुले यांना बहुतेक क्लब सहयोगी सदस्य म्हणून घेतात. त्यांना मत आहे की नाही, हे आपल्या घटनेत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. ते संदिग्ध असेल, तर सभेच्या दिवशी त्यावर वाद घालण्यापेक्षा आधीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत निर्णय करून इतिवृत्तात घ्यावा.

तिसरे, हिशेब. संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण व्हायला हवे. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल सदस्य या नात्याने पाहायला मागा. ते दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर त्याचा अर्थ लगेच गैरव्यवहार असा लावू नका. छोट्या संस्थांमध्ये बहुतेक वेळा अहवाल लपवलेला नसतो, तो तयारच झालेला नसतो. पण तयार नसेल, तर तो करून घेण्याची जबाबदारी निवडून आल्यावर आपल्यावर येणार आहे, हे समजून सही करा.

घाटमाथा यांचे उत्तर

जुना सचिव सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी असहमती नोंदवतो. आधी सचिव व्हा आणि तीन वर्षांनी अध्यक्षपद चालत येईल, हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक नव्या माणसाला आणि विशेषतः प्रत्येक स्त्रीला दिला जातो. तिने सगळे काम करावे आणि नाव दुसऱ्याचे राहावे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. ताईंनी नऊ वर्षे क्लबमध्ये काढली आहेत, त्या रोज शंभर मुलांचा वर्ग सांभाळतात, आणि क्लबला आज ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणजे नवे परवानाधारक घडवणे, ते त्यांचे रोजचेच काम आहे. त्या थेट अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, तर त्यात अवाजवी असे काहीच नाही.

बिनविरोध निवडीविषयीही मला बोलायचे आहे. आपल्याकडे निवडणूक टळली म्हणजे संस्था वाचली, असे मानण्याची पद्धत आहे, आणि त्यासाठी शेवटच्या क्षणी जागावाटप होते. माझ्या मते साठ माणसांच्या संस्थेतही गुप्त मतदानाने, सभ्यपणे, दोन उमेदवारांत झालेली निवडणूक ही संस्थेच्या प्रकृतीची खूण आहे. क्लब निवडणुकीने दुभंगत नाही. हिशेब न दिल्याने आणि माणसांना गृहीत धरल्याने दुभंगतो. सरांच्या डुप्लेक्सरच्या गोष्टीतही दोष मतदानाचा नव्हता, नोंदवहीचा होता, आणि तो त्यांनी स्वतःच मोकळेपणाने मान्य केला आहे.

मात्र उभे राहायचे तर एका ठरावीक कामासाठी उभे राहावे आणि ते काम सदस्यांसमोर लेखी ठेवावे. क्लबचा सर्वांगीण विकास असे लिहिलेले पत्रक कोणी वाचत नाही. त्याऐवजी एका पानावर लिहा, की रिपीटरच्या बॅटऱ्या, वीजरोधक आणि केबल यांना अमुक इतका खर्च येईल, त्यातली इतकी रक्कम क्लबकडे शिल्लक आहे, उरलेली अशी उभी करता येईल, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी रिपीटर हवेवर असेल. एसडब्ल्यूआर (अँटेना आणि केबल एकमेकांशी किती जुळतात याचे माप) मोजण्यापासून टेकडीवर कोण जाणार, इथपर्यंत नावांनिशी लिहा. ज्यांची नावे लिहाल, त्यांना आधी विचारा. असे पत्रक वाचल्यावर लोक तुमच्याविषयी नव्हे, कामाविषयी बोलू लागतात, आणि काकांनाही त्यात स्वतःचा पराभव दिसण्याऐवजी आपला रिपीटर परत उभा राहताना दिसू शकतो.

दुसरे काम परीक्षेचे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही ही परीक्षा देता येते, हे पालकांना ठाऊकच नसते. आपल्या महाविद्यालयात आणि शेजारच्या दोन शाळांत रविवारचा वर्ग सुरू झाला, तर दोन वर्षांत क्लबचे सरासरी वय कितीतरी खाली येईल. अध्यक्ष म्हणून सांगायला गेलेल्या शिक्षिकेचे म्हणणे मुख्याध्यापक जितक्या गांभीर्याने ऐकतात, तितके एका सदस्याचे ऐकत नाहीत, हे पदाचे खरे मोल आहे. तेच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाबतीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मान्सूनपूर्व बैठकीला क्लबला बोलावणे यावे, ऑपरेटरांची नावे, कॉलसाइन आणि फ्रिक्वेन्सी त्यांच्या आराखड्यात असाव्यात, यासाठी मार्च-एप्रिलपासून खेटे घालावे लागतात. पाणी चढल्यावर आम्ही हॅम आहोत असे सांगत गेलो, तर बंदोबस्तावरचा शिपाईसुद्धा आत सोडत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

एक गोष्ट मला नेहमी आठवते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, या आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ प्रक्षेपणाला वर्षानुवर्षे परवानगी मिळत नव्हती, ती त्यांनी दीर्घ प्रयत्नांनी मिळवली होती, आणि जगभरचे हॅम त्या स्टेशनशी संपर्क व्हावा म्हणून रांगेत होते. त्यांनी ती मोहीम तत्काळ थांबवली आणि तीच यंत्रे बचावकार्याच्या संदेशांना लावली. नेतृत्व म्हटले, की मला तो निर्णय आठवतो, आणि त्या निर्णयामागची कागदोपत्री परवानगी मिळवण्याची कित्येक वर्षेही आठवतात, कारण ती परवानगी नसती तर त्या दिवशी तेथे यंत्रेच नसती.

आणि काकांशी हा विषय रेडिओवर बोलू नये, हे जुना सचिव सरांचे म्हणणे शंभर टक्के योग्य आहे; प्रचारही रेडिओवर किंवा नेटवर करू नये. हवेवरची वेळ सर्वांची आहे आणि आपल्या परवान्यांनी ती आपल्याला तांत्रिक देवाणघेवाण आणि साध्या वैयक्तिक गप्पांसाठी दिली आहे. मते घरी जाऊन, चहा घेऊन मागावीत.

हडसनकाठ यांचे उत्तर

मी मूळचा सातारचा, आता वीस वर्षे न्यू जर्सीत आहे. येथील पद्धत सांगतो. तिच्यातले एखादे अंग आपल्याला उपयोगी पडावे.

अमेरिकेतील हॅम मंडळींची राष्ट्रीय संघटना एआरआरएल १९१४मध्ये स्थापन झाली. तिचे पंधरा विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाचा संचालक त्या विभागातील सदस्य मतदान करून तीन वर्षांसाठी निवडतात. त्याखाली सेक्शन, म्हणजे विभागाचा लहान भाग, आणि त्याचा सेक्शन मॅनेजर हे पद असते, त्याची मुदत दोन वर्षांची. त्यासाठी सेक्शनमधील किमान पाच पूर्ण सदस्यांच्या सह्यांचा अर्ज लागतो, आणि एकच अर्ज आला तर मतदान न घेता त्यालाच निवडून आल्याचे जाहीर करतात. ही पदे बिनपगारी आहेत. सेक्शन मॅनेजरच्या हाताखाली आपत्कालीन संपर्क, संदेशवहन, तांत्रिक मदत अशा कामांचे वेगवेगळे समन्वयक असतात, आणि त्या नेमणुका तोच करतो.

मला त्यात सर्वांत घेण्यासारखे वाटते ते हे, की मावळता माणूस व्यवस्थेबाहेर फेकला जात नाही. मी ज्या स्थानिक क्लबमध्ये आहे, तेथे माजी अध्यक्ष पुढील वर्षभर कार्यकारिणीत बसतात, त्यांना मत नसते, पण त्यांना विचारल्याशिवाय जुन्या करारांना कोणी हात लावत नाही. आपल्या काकांसाठी असे काही करता येईल. नेट कंट्रोलचे प्रशिक्षण ही गोष्ट तर त्यांच्याइतकी चांगली कोणालाच देता येणार नाही, आणि त्यासाठी टेकडी चढावी लागत नाही. त्यांची महापुरातली वही तुम्ही पाहिली आहे असे लिहिले आहे. ती झेरॉक्स करून नव्या ऑपरेटरांना अभ्यासाला द्यावी, असे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. दहा दिवस काही लिहिले नाही, कारण आधी सांगितलेले करून यावे असे वाटले.

काकांच्या घरी मी गेल्या रविवारी गेले. सांगताना माझा आवाज कापत होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, की मी यंदाही अर्ज भरणार आहे, कारण रिपीटर बंद असताना पद सोडले तर मी तो बंद करून गेलो असे लोक म्हणतील. मला त्यांचे हे म्हणणे आजवर सुचलेच नव्हते. मी त्यांना विचारले, की निवडणूक होईपर्यंत रिपीटरचे काम थांबवायचे कशाला? त्यावर त्यांनी आतून एक फाइल आणून माझ्यासमोर ठेवली. तीत रिपीटरच्या परवान्याचे सगळे कागद, प्रत्येक यंत्राची पावती आणि कोणी काय दिले त्याची त्यांच्या अक्षरातली यादी होती; डुप्लेक्सर कोणाचा आहे, हेही त्यात आहे. बॅटऱ्यांची दरपत्रके त्यांनी मागील दिवाळीतच मागवली होती. पैसे असूनही त्यांना धनादेश काढता आला नव्हता, कारण दुसरी सही ज्यांची होती ते खजिनदार साइलेंट की झाले, म्हणजे वारले, आणि बँक नवे नाव घेईना.

मी परिशिष्ट एकचा उतारा काढला. हिशेबनीस सरांनी म्हटल्याप्रमाणेच त्यावर नऊ वर्षांपूर्वीची कार्यकारिणी आहे. मधल्या दोन्ही निवडणुकांचे बदल अर्ज दिलेलेच नाहीत. वर्गणी भरलेले सदस्य एकतीस निघाले.

मी अर्ज भरणार आहे आणि काकाही भरणार आहेत. मतदान गुप्त पद्धतीने घ्यावे आणि वर्गणीची शेवटची तारीख नोटिशीत छापावी, अशी विनंती आम्ही दोघांनी एकाच पत्रावर सही करून कार्यकारिणीला दिली आहे. पुढच्या शनिवारी चार जण टेकडीवर जाऊन केबल तपासणार आहोत. खालून हँडसेटवर काका असतील. हिशेबनीस सर, एवढेच सांगा, की मागील दोन बदल अर्ज राहिलेले असताना या वेळचा अर्ज घेतला जाईल का, आणि सुरुवात कोठून करावी?

हिशेबनीस यांचे उत्तर

सुरुवात सर्वांत जुन्या निवडणुकीपासून करावी. परिशिष्टावरची नावे आणि आजची नावे यांच्यातील प्रत्येक दुवा दाखवावा लागतो, म्हणून तिन्ही बदल क्रमाने, प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज करून द्यावेत आणि उशिराच्या दोन्ही अर्जांसोबत विलंब माफीचा अर्ज, विलंबाचे खरे कारण लिहून, जोडावा. त्या दोन सभांची इतिवृत्ते आणि उपस्थितीच्या सह्या काकांच्या फाइलीत आहेत का, ते आजच पाहा. असतील तर काम पुष्कळ सोपे होईल. दिवंगत खजिनदारांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत त्यांच्या घरून मागून घ्या. जुन्या दोन अर्जांवर त्या काळातील पदाधिकारी म्हणून काकांचीच सही लागण्याची शक्यता आहे, तेव्हा निवडणुकीचा निकाल काहीही लागला तरी धर्मादाय कार्यालयात तुम्हा दोघांना बरोबरच जावे लागेल. निवडणुकीची वाट न पाहता ते दोन अर्ज याच महिन्यात देता येतील. शहरातील लेखापरीक्षकाकडे एकदा कागद दाखवून घ्या आणि मसुदा तयार झाला की मला कळवा, मी वाचून देईन. ७३.